घाटाखालची गोदाराणी

पुण्याहून नाशिककडे जाणारा हमरस्ता खेडचा घाट चढून वर आला की पेठेचे पठार लागते. सातगाव पठार या नावाने ओळखला जाणारा आणि बटाट्याच्या पिकासाठी आता सर्वश्रुत झालेला हा उघडा, वाऱ्याचा मुलूख अवसरीच्या घाटाने मंचरकडे उतरतो. आणि मंचराहून पश्चिमेस वळून घोड नदीच्या काठाने घोडेगाव, डिंभे अशी गावे मागे टाकीत चालू लागले म्हणजे बाजरीची शिवारे संपून भात, नाचणी आणि वरई यांची खाचरे केव्हा सुरू झाली हे ध्यानात येण्यापूर्वीच मनुष्य आहुप्याच्या कड्यावर येऊन उभा राहतो. कड्याच्या वर पुणे जिल्हा, कड्याच्या पायथ्याशी ठाणे जिल्ह्याचा मुरबाड तालुका. सरकारी नकाशावर ही जिल्ह्यांची सरहद्द आहे. पण घाटवाटांनी मीठ, मासळी, तांदूळ आणि सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या ने-आण करणाऱ्या डोंगरी माणसांनी ती सरहद्द कधी मनावर घेतलेली नाही. वर महादेव कोळी आणि ठाकर, खाली ठाकर, कातकरी, कोळी आणि उत्तरेस सरकत गेले की वारली. दैवते थोडी निराळी, बोली थोडी निराळी, दारिद्र्य मात्र एकच.

या दारिद्र्याविरुद्ध वरच्या मुलखात जी बंडे झाली ती एकोणिसाव्या शतकात झाली, आणि ती हत्यारबंद पुरुषांनी केली. खालच्या मुलखात जे बंड झाले ते १९४५ साली झाले, आणि त्याच्या अग्रभागी पुण्यातील एका वकिलाची, स्वतः कायद्याची पदवी घेतलेली कन्या होती. गोदावरी परुळेकर हे नाव ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. परंतु जुन्नर-आंबेगावच्या इतिहासाचा विचार करणाऱ्यानेही त्यांचे चरित्र बाजूस ठेवून पुढे जाऊ नये, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. त्याचे कारण सांगण्यापूर्वी वरच्या मुलखातील बंडांकडे एकवार पाहणे प्राप्त आहे.

शिवनेरीवर शिवजन्माच्या स्थानाचे दर्शन घेऊन परतणाऱ्या यात्रेकरूंपैकी फार थोड्यांचे पाय कोळी चौथऱ्याकडे वळतात. मोगली अमलाविरुद्ध उठलेल्या कोळ्यांना पकडून आणून त्यांची कत्तल जेथे करण्यात आली असे परंपरा सांगते, ते हे ठिकाण. पुढे पेशवाई बुडाली, गडकोटांच्या शिबंद्या मोडल्या, घाटांची राखण करण्याबद्दल नाईकांना मिळणारी वेतने आणि हक्क इंग्रजांनी कमी केले किंवा काढून घेतले, आणि ज्यांच्या हाती कालपर्यंत सरकारनेच तलवार दिली होती ते आज सरकारचे गुन्हेगार ठरले. १८३९ मध्ये घोडेगावच्या महालकऱ्याच्या कचेरीवर कोळ्यांनी चाल केली. अकोल्याकडील देवगावच्या राघोजी भांगऱ्याने घाटमाथा आणि कोकण असे दोन्ही मुलूख काही वर्षे हालवून सोडले. १८४८ च्या जानेवारीत तो पंढरपुरी धरला गेला आणि २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्यानंतर पाव शतकाने, १८७३ च्या सुमारास, आंबेगावच्या पश्चिम टोकाशी असलेल्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले उठला. त्याचा रोख सरकारी खजिन्यावर नव्हता, सावकारावर होता. सावकाराच्या घरी शिरावे, खतपत्रे हिसकावून घ्यावीत आणि जाताना सावकाराचे नाक कापावे, अशी त्याच्या टोळीची रीत असल्याचे गॅझेटियरकारांनी नोंदवून ठेवले आहे. पूर्वेकडे भीमथडीत सुप्याच्या बाजारी १२ मे १८७५ रोजी कुणब्यांनी सावकारांच्या वह्यांची होळी केली ती याच काळात. मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने १८७६ मध्ये होन्याला पकडले. आणि सरकारने चौकशी कमिशन नेमून १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला, तो सपाटीवरील कुणब्याला थोडाफार लाभला असेल, डोंगरातील कोळ्याच्या झोपडीपर्यंत मात्र त्याची सावलीही फारशी पोचली नाही.

या सावकारीचे स्वरूप पेठेत बसून समजावयाचे नाही. ते हिरड्याच्या झाडाखाली समजते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडावर कोवळा बाळहिरडा पाडतात. पुरुष झाडावर चढून काठीने फांद्या झोडतात, बायका-मुले खाली पडलेले फळ वेचून उन्हात पसरतात, आणि ते सुकून काळे, कठीण होईतो राखीत बसतात. कारण मधेच वळवाचा शिडकावा झाला तर मालाला बुरशी धरते आणि वर्षाची मीठ-मिरची बुडते. एवढा खटाटोप करून माल बाजारात जाईपर्यंत त्याचा भाव पूर्वीच ठरलेला असे, कारण आषाढात घेतलेल्या नाचणीच्या पायलीपोटी तो माल व्यापाऱ्याकडे मांडूनच ठेवलेला असे. होन्याच्या टोळीने कापलेल्या नाकांची हकीगत वाचताना अंगावर काटा येतो हे खरे. पण ज्या वजनाच्या दगडांनी आणि ज्या वहीच्या पानांनी हा मनुष्य घडविला त्यांची हकीगत कोणी लिहून ठेवली नाही, हेही तितकेच खरे.

आणि येथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. राघोजी काय, होन्या काय, यांच्याविषयी आपणांस जे ठाऊक आहे ते बहुतांशी त्यांचा पाठलाग करणाऱ्यांच्या दप्तरातून ठाऊक आहे. बक्षिसाचे जाहीरनामे, पोलिसांचे रिपोर्ट, कचेरीतील जबान्या आणि अखेर गॅझेटियरमधील दीड-दोन पाने. त्या दप्तराला बंडकरी दिसतात, त्यांचे नाईक दिसतात, त्यांची हत्यारे मोजलेली दिसतात. त्या बंडकऱ्यांना रानात भाकरी पोचविणाऱ्या, शिपायांची चाहूल लागताच इशारा देणाऱ्या, नवरा परागंदा झाल्यावर चौकीवर आणून छळल्या गेलेल्या बायका त्या दप्तरात जवळजवळ नाहीतच. त्या नव्हत्या असे कोण म्हणेल? डोंगरातील कोणतेही बंड घरातील चुलीच्या आधाराशिवाय एक पावसाळा काढू शकत नाही. त्यांची नोंद झाली नाही इतकेच. खालच्या मुलखातील बंडाचे भाग्य असे की त्याच्या अग्रभागी एक स्त्री होती, आणि ती लिहिणारी होती.

गोदावरी गोखले यांचा जन्म १९०७ साली पुण्यात झाला. वडील लक्ष्मणराव पुण्यातील नामांकित वकील, घर सुखवस्तू आणि नेमस्त विचारांचे. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास पुरा केला. महाराष्ट्रातील कायद्याच्या पहिल्या महिला पदवीधर असा त्यांचा उल्लेख केला जातो. १९३२ च्या सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या. नेमस्त घराला हे मानवण्यासारखे नव्हते, आणि सुटून आल्यावर त्यांनी पुणे सोडून मुंबई जवळ केली. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापिलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. मुंबईत त्यांनी साक्षरतेची मोहीम चालविली, घरकाम करणाऱ्या मोलकरणींची संघटना बांधली. ही शेवटची गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. गिरणी कामगारांच्या संघटना तेव्हा होत्याच, आपल्या जुन्नर-आंबेगावच्या घरोघरचे पुरुष त्या गिरण्यांत होते, म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू त्यांच्यातूनच उठून १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकखाली हुतात्मा झाला होता. पण दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी बाई हीदेखील कामगारच, तिलाही रजा, वेतन आणि मान असला पाहिजे, हा विचार त्या काळात फारच थोड्यांच्या मनात आला असेल.

भारत सेवक समाजातीलच कार्यकर्ते शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा १९३९ मध्ये विवाह झाला. शामराव डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई कायदेमंडळावर निवडून आले होते आणि कोकणातील खोतीविरुद्ध १९३८ च्या जानेवारीत कौन्सिल हॉलवर जो शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा गेला त्याच्या पुढाऱ्यांपैकी ते एक होते. लौकरच उभयतांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. युद्धविरोधी प्रचाराबद्दल दोघांनाही तुरुंगवास घडला. कल्याण आणि मुरबाड तालुक्यांतील कुळांची संघटना त्यांनी याच सुमारास उभारली. मुरबाड म्हणजे आमच्या आहुप्याच्या आणि नाणेघाटाच्या पायाशी पसरलेला मुलूख. त्याच मुरबाडातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे १९४२ च्या चळवळीतील भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. युद्धाबद्दल काँग्रेस आणि कम्युनिस्ट या दोन पक्षांच्या दोन भूमिका होत्या आणि त्यांच्यात तेव्हा कटुताही पुष्कळ होती. परंतु एकाच डोंगराच्या सावलीत, दोन-चार वर्षांच्या अंतराने, सुशिक्षित घरांतील माणसे आपले सर्वस्व पणास लावून डोंगरी जनतेच्या आसऱ्याने उभी राहत होती, हे आज इतक्या वर्षांनंतर तरी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, उंबरगाव आणि डहाणू या तालुक्यांत, जे चालले होते त्याला कायद्याच्या पुस्तकात जागा नव्हती. जमिनी मूळच्या वारल्यांच्या; कर्जाच्या आणि महसुलाच्या पायी त्या एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या जमीनदारांच्या नावे चढल्या, आणि वारली स्वतःच्या जंगलात उपरा कूळ होऊन बसला. जमीनदाराच्या शेतावर, वाड्यावर, त्याच्या गाड्या ओढण्यास बोलावणे आले की जावयाचे, मोबदला मागावयाचा नाही, ही वेठ. याहून भयंकर होती ती लग्नगड्याची चाल. लग्नासाठी, मुलीच्या बापाला देण्याच्या देजासाठी आणि वऱ्हाडाच्या ताडीसाठी, शे-दोनशे रुपये जमीनदाराकडून उचलावयाचे आणि त्या कर्जापोटी स्वतःला त्याच्याकडे गहाण टाकावयाचे. कर्जाचा हिशेब कधीच चुकता होत नसे, कारण तो ठेवणारा एकच. लग्न करून आणलेली बायको त्याच दावणीला; तिच्या श्रमावर आणि पुष्कळदा तिच्या अब्रूवरही धन्याचा हक्क गृहीत धरलेला. हे सारे चळवळ्या मंडळींच्या कल्पनेतील नव्हे. मुंबई सरकारनेच नेमलेले सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात हे गुलामगिरीचे चित्र नमूद केले होते. अहवाल सादर झाला, छापला गेला, आणि कचेऱ्यांतील कपाटांत पडून राहिला.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेचे पहिले अधिवेशन भरले. उंबरगावाकडून झरी गावचा माह्या धांगडा आणि त्याचे काही सोबती तेथे आले होते. हजारो शेतकरी एके ठिकाणी बसून सावकार-जमीनदारांविरुद्ध उघड बोलत आहेत आणि त्यांना कोणी मारीत नाही, ही गोष्टच त्यांना अपूर्व वाटली असली पाहिजे. त्यांनी परुळेकर पतिपत्नींना आपल्या मुलखात येण्याचे निमंत्रण दिले, आणि गोदावरीबाई पायी हिंडत त्या पाड्यापाड्यांतून गेल्या. स्वच्छ कपड्यांतील मनुष्य म्हणजे जमीनदाराचा दिवाणजी, जंगल खात्याचा रखवालदार, नाही तर पोलीस, एवढीच ओळख असणाऱ्या लोकांत एका परक्या बाईने जाऊन बसावे, त्यांची बोली कानांत साठवावी, त्यांच्या झोपडीत निजावे, मिळेल ती पेज प्यावी, आणि मग एके दिवशी, भीती थोडी ओसरल्यावर, विचारावे की तुम्ही वेठीस का जाता, या सगळ्याला किती धीर लागला असेल याची कल्पना करावी. वारल्यांनी त्यांना ‘गोदाराणी’ म्हटले.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे परिषद भरली. सुमारे पाच हजार वारली जमले. तेथे ठरले ते अगदी थोडके आणि सर्वांना तोंडपाठ होण्यासारखे होते: जमीनदाराच्या खासगी शेतावर रोख बारा आणे रोजाशिवाय राबावयाचे नाही; वेठ करावयाची नाही; मारावयास आला तर त्याचा प्रतिकार करावयाचा; आणि सर्वांनी एक राहावयाचे. जमिनीचे फेरवाटप, राज्यक्रांती असले मोठे शब्द त्या दिवशी त्या माळावर बोलले गेले असतील-नसतील. घरी गेले ते हे चार निश्चय. परिषदेहून परतलेल्या वारल्यांनी गावोगाव लाल बावटा नेला, जमीनदारांच्या वाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना सांगितले की तुम्ही आजपासून मोकळे. कोर्टाचा हुकूम नव्हता, सरकारचे फर्मान नव्हते. आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्यांची ती चाल काही आठवड्यांत उंबरगावात मोडली आणि तेथून डहाणूत पसरली. वहीतील आकडे ज्या भीतीच्या बळावर उभे होते ती भीतीच निघून गेल्यावर आकड्यांना अर्थ उरला नाही. होन्याने खतपत्रे हिसकावली तेव्हा सावकार दुसरी खते लिहून घेऊ शकला, कारण होन्या रानात गेल्यावर ऋणको पुन्हा एकटा पडत होता. झरीच्या वारल्यांनी एकही कागद हिसकावला नाही.

पावसाळा सरला आणि गवताच्या कापणीचा हंगाम आला. डहाणू-उंबरगावचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. जमीनदारांचा तो नगदी नफ्याचा धंदा. पाचशे पौंड गवत कापण्याचा दर अडीच रुपये मिळावा अशी मागणी किसान सभेने केली आणि संप पुकारला. तयार झालेले गवत उभे वाळू लागले तशी जमीनदारांची बेचैनी वाढली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जे घडले ते या बेचैनीतून घडले. गोदावरीबाईंची तलवाड्यास सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या-कोयते घेऊन सर्वांनी तेथे जमावे, असा निरोप रातोरात पाड्यांवर फिरविला गेला. सभा ठरलेलीच नव्हती. निरोप जमीनदारांच्या माणसांनी पसरविला होता, आणि जमलेल्या सशस्त्र जमावाकडे बोट दाखवून पोलीस बोलाविण्याची सोय त्यातून होणार होती. हजारो वारली आपल्या राणीच्या रक्षणासाठी अंधारातून चालत आले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड पडला. त्याच्यामागून आणखी चौघे पडले. गोळीबार झाल्यावर जमाव पांगतो हा पोलिसांचा सर्वत्रचा अनुभव. तलवाड्याचा जमाव पांगला नाही. ज्या बाईच्या रक्षणासाठी आपण आलो ती दिसेपर्यंत किंवा तिचा खरा निरोप येईपर्यंत हलावयाचे नाही, एवढेच त्यांना कळत होते. मेलेल्यांच्या सभोवती, पुन्हा होणाऱ्या गोळीबाराकडे पाहत, त्यांनी हातही न उचलता रात्र काढली. लाल बावट्याचे कार्यकर्ते तेथे पोचले, निरोप खोटा होता हे त्यांनी समजावून सांगितले, तेव्हा तो समुदाय उठला आणि आपापल्या पाड्यांकडे गेला. जमीनदारांच्या जिवाला किंवा मालमत्तेला त्यानंतर धक्का लागला नाही, आणि संपही मोडला नाही.

गोदावरीबाईंनी स्वतः कधी बंदूक उचलली नाही. तरीही त्यांना सैनिक म्हणावयास मला संकोच वाटत नाही. आणि त्याचे कारण तलवाड्याच्या त्या रात्रीत आहे. गोळ्यांच्या समोर शिस्तीने बसून राहणारी आणि प्रतिहल्ला न करणारी फौज पाच महिन्यांत उभी राहते, ती कोणी तरी उभी केलेली असते.

त्याच पिढीतील एका चिनी स्त्रीची येथे आठवण होते. कांग कछिंग ही च्यांगशी प्रांतातील गरीब घरची मुलगी १९११ साली जन्मली. खायला देणे झेपेना म्हणून आईबापांनी तिला तान्हेपणीच दुसऱ्या शेतकऱ्याच्या घरी देऊन टाकले. सतराव्या वर्षी, १९२८ मध्ये, ती लाल सेनेत शिरली, पुढल्याच वर्षी सेनापती चू ते यांच्याशी तिचा विवाह झाला, आणि १९३४-३५ च्या महाप्रयाणात ती खांद्यावर बंदूक टाकून हजारो मैल पायी चालली. राज्यक्रांती झाल्यावर ती चीनच्या महिला महासंघाची प्रमुख झाली आणि १९९२ मध्ये निवर्तली. लग्न आणि दारिद्र्य यांच्या कैचीत सापडून माणूस दुसऱ्याच्या मालकीचा होतो, ही गोष्ट कांगने जन्मापासून भोगली. गोदावरीबाईंनी ती पस्तिशीनंतर पाहिली आणि मग दुसरे काही पाहिले नाही. एक शेतातून सैन्यात गेली, दुसरी कायद्याच्या पुस्तकातून शेतावर आली. या दोन स्त्रियांची गाठ पडली असेल असे मला वाटत नाही, परंतु महाराष्ट्राचा आणि त्या सेनेचा संबंध अगदीच परका नव्हता. चू ते यांनीच १९३७ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले होते, आणि त्या पत्राला उत्तर म्हणून गेलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच सेनेच्या रुग्णालयातील परिचारिका क्वो छिंगलान हिच्याशी त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला.

चीनचा संबंध परुळेकर कुटुंबाच्या नशिबी पुढे निराळ्याच रीतीने आला. १९६२ च्या सरहद्दीवरील युद्धाच्या वेळी देशभर कम्युनिस्टांची धरपकड झाली, तीत दोघेही स्थानबद्ध झाले. १९६४ मध्ये पुन्हा झाले. १९५७ च्या निवडणुकीत ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेलेले शामराव ३ ऑगस्ट १९६५ रोजी आर्थर रोड तुरुंगात हृदयविकाराने निवर्तले. गोदावरीबाई त्या वेळी स्वतःही कैदेत होत्या. सव्वीस वर्षांच्या सहजीवनातील किती वर्षे तुरुंगाने आणि भूमिगत अवस्थेने खाल्ली याचा हिशेब करवत नाही. इंग्रजांनी त्यांना कोंडले ते समजण्यासारखे होते. परंतु १९४६ मध्ये खेरांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर, जंगलतोडीच्या कामाला दिवसाचा सव्वा रुपया मागणाऱ्या वारल्यांच्या संपाला उत्तर म्हणून त्यांच्या पुढाऱ्यांना जिल्हाबंदी व्हावी आणि ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवलीस पुन्हा पाच आदिवासी पोलिसांच्या गोळीने मरावेत, ही गोष्ट स्वराज्याच्या उंबरठ्यावर घडली याची खंत मला आजही वाटते. खेर मंत्रिमंडळातील माणसे दुष्ट नव्हती. बाळासाहेब खेरांनी आदिवासींसाठी संस्था काढल्या, आश्रम चालविले. पण दया करणाऱ्याला, ज्याच्यावर दया करावयाची तो मनुष्य हक्काने बोलू लागला की राग येतो. त्या रागाची किंमत नानिवलीने दिली.

१९७० मध्ये गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुरुंगवासाची हकीगत त्यांनी ‘बंदिवासाची आठ वर्षे’ या पुस्तकात निराळी सांगितली. पुढे त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, आणि ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकावर पक्षाची छाया आहे असा आक्षेप घेणारे आहेत. छाया आहेच, ज्या कार्यासाठी आयुष्य वेचले त्याची छाया लेखणीवर पडू नये अशी अपेक्षा करणे अनुचित आहे. मला त्यात उणे वाटते ते दुसरेच, की त्यांनी स्वतःबद्दल फार थोडे लिहिले. पुण्याच्या घराचा उंबरा ओलांडताना काय वाटले, आजारपणात पाड्यावर एकट्या असताना काय आठवले, याची ओळ शोधावी लागते. पण त्यांनी वारल्यांची नावे लिहिली. माह्या धांगडा लिहिला, जेठ्या गांगड लिहिला, बायका लिहिल्या, कोणत्या पाड्यावर कोणी काय विचारले आणि कोण कसा घाबरला व कसा उभा राहिला ते लिहिले. पोलिसांचे दप्तर त्याच घटनांना दंगल, बेकायदेशीर जमाव आणि शांतताभंग म्हणत असताना त्यांच्या शेजारी हे दुसरे दप्तर तयार झाले, आणि आज इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही उघडून पाहावी लागतात.

घाटमाथ्याला असे दुसरे दप्तर नाही. जांभोरीच्या होन्याचे नाव आता सभांतून आदराने घेतले जाते, राघोजीचे पुतळे उभे राहिले आहेत, आणि ते योग्यच झाले. पण होन्याच्या घरची बाई कोण होती, तो रानात असता तिने ती तीन वर्षे कशी काढली, सरकारी शिपायांनी तिला काय विचारले आणि तिने काय सांगितले, हे गॅझेटियरच्या त्या दीड-दोन पानांत शोधूनही सापडत नाही. डिंभ्याच्या धरणाखाली जुने आंबेगाव गेले, त्याच्याबरोबर किती घरांतील किती आठवणी गेल्या कोण जाणे. उरलेल्या आहेत त्या आहुपे, जांभोरी, कोंढवळ अशा गावांतील म्हाताऱ्यांच्या तोंडी, लग्नातल्या गाण्यांत आणि जात्यावरच्या ओव्यांत; त्यांतील एखाद्या ओवीत एखादी बंडकऱ्याची बायको नावानिशी उभी असण्याचा संभव आहे. घोडेगाव, मंचर आणि जुन्नर येथील महाविद्यालयांत आता त्याच गावांतील मुली शिकतात. आपल्या आजीजवळ पाटावर बसून, तिची बोली न सुधारता, तिने सांगितलेले नाव आणि गाव जसेच्या तसे वहीत उतरवून घेण्याचे काम त्यांच्याइतके चांगले दुसऱ्या कोणालाही जमणार नाही, आणि ते लौकर केले पाहिजे.